पहिले पाचशे रुपये

फी सांगायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची. कोचिंग म्हणजे इथे शिकवणी नव्हे; सल्ला न देता, प्रश्न विचारून समोरच्याला त्याचं उत्तर शोधायला मदत करणं. आयसीएफ या कोचांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला, म्हणजे एसीसीला, कोचिंगचे 100 तास लागतात आणि त्यातले 75 पैसे घेऊन केलेले असावे लागतात. माझे फुकटातले 25 तास मैत्रिणी आणि मावसबहिणींबरोबर भरले होते. 2019च्या ऑक्टोबरात गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका गावातून फोन आला. मी वाट विचारली, वेळ ठरवली आणि पैशांचं बोलणं गिळून फोन ठेवला.

फोन करणारे काका टिपरवाले, म्हणजे खाणीतलं खनिज वाहणाऱ्या ट्रकचे मालक. (त्यांना विचारूनच हे लिहितेय.) 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा ते कसेबसे तगले. पण 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 खाणपट्टे रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. तेव्हापासून गाडी उभीच. विकायची की ठेवायची, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

सोप्यावर बसलो. मी वही उघडली. प्रश्न आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते. एक विचारला, ते गप्प राहिले. ती शांतता मला सोसेना, म्हणून लगेच दुसरा विचारला, मग तिसरा. वहीतून मान वर काढायचा धीरच होत नव्हता.

"बाय, तू मला विचारतेस की त्या वहीला?"

आवाजात राग नव्हता. माझे कान मात्र तापले. मी वही मिटून पिशवीत घातली. आता हातात काहीच नव्हतं, तेव्हा सुचलं ते विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

ते उठलेच. "चल, दाखवतो."

परसात फणसाखाली टिपर उभा होता. हौद्याच्या सांध्यांत लाल माती अजून घट्ट बसलेली, काच मात्र लख्ख पुसलेली. बॅटरी उतरू नये म्हणून काका रोज सकाळी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवत. ते दार उघडून आत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि बोलायचे थांबले.

मीही थांबले. या वेळी जीभ अडली म्हणून नव्हे. त्यांचा अंगठा स्टिअरिंगच्या झिजलेल्या जागेवरून फिरत होता आणि मी तो बघत होते. आपण कशा दिसतोय, पुढे काय विचारायचं, यातलं काहीच तेव्हा मनात नव्हतं. कितीतरी वेळाने ते म्हणाले, "विकायचाच आहे. पण आत बसलो की विकवत नाही."

"मग विकायचं ठरवाल तेव्हा कुठे बसलेले असाल?"

ते हसले. उत्तर त्या दिवशी आलं नाही. मीही ते त्यांच्या तोंडी घातलं नाही.

निघताना त्यांनी कोकमाच्या सोलांची पुडी हातावर ठेवली. आयसीएफच्या हिशेबात वस्तूच्या बदल्यात केलेला तासही पैसे घेतलेल्यातच धरतात. पुडी घेऊन मुकाट्याने निघून जाणं किती सोपं होतं! दोन पायऱ्या उतरले आणि वळले.

"काका, एका बैठकीचे पाचशे रुपये होतात. फोनवरच सांगायला हवं होतं, राहून गेलं."

"मग सांगायचं ना गे," म्हणत ते आत गेले आणि शंभराच्या पाच नोटा मोजून घेऊन आले. पुढचा बुधवार त्यांनीच ठरवला. मी पुडी परत करू लागले, तर ती काही त्यांनी घेतली नाही.