घासलेला स्क्रू, खारं वारं आणि एलन की

चतुर्थी आटपली की इथे गोव्यात लोकांना आपापल्या आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या, गाड्या आठवतात, जूनपासून माळ्यावर पडलेल्या. आणि मग एकेकाचा फोन, अरे स्क्रू हलतच नाही, एलन की (ती षटकोनी, एलच्या आकाराची चावी) नुसती गरागरा फिरतेय. फिरणारच ना! मिरामारच्या वाळूत गाडी पळवली, वरवर पुसली आणि पावसाळाभर तशीच ठेवली, तर आत मीठ काय झोपून राहणार?

काळे स्क्रू, म्हणजे १२.९ ग्रेडच्या पोलादाचे, कडक असतात, त्यांची खाच, म्हणजे की बसते तो खळगा, टिकते पण किनाऱ्याच्या हवेत पटकन गंजतात. म्हणून लोक सरसकट स्टेनलेस घालतात. तो मऊ, त्याची खाच आधी जाते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टात बसवला की खाऱ्या ओलीने उलट अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं, आट्यांत पांढरी पूड साचते आणि स्क्रू असा जाम होतो की विचारू नका. माझं ऐकाल तर काळेच घाला, धातूत बसवताना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक, लावा, ते आटे भरून टाकतं म्हणजे पाणी आत शिरत नाही. प्लॅस्टिकमध्ये मात्र लावू नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

जपानी किट असेल, टामिया वगैरे, तर त्यातला प्लसचा स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखाच पण असतो जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उचलून येतं आणि प्लसचं गोल भोक करून ठेवतं. जेआयएसचा ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो, घ्या एकदाचा.

आता खाच गेलेलीच असेल तर. पहिल्यांदा स्लिप झाली की तिथेच थांबायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण अजून चार वेळा फिरवलं की धरायला काही उरत नाही. पिनने खाचेतली माती उकरून काढा, अर्ध्या वेळा काम तिथेच होतं. नाहीतर टॉर्क्सचा, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीचा, बिट. तीन एमएमच्या बटन हेडला, म्हणजे गोल घुमटीच्या डोक्याच्या स्क्रूला, २ एमएमची एलन की लागते, त्यात टी १० चा बिट हातोडीने हलकेच ठोकायचा, कडा चावून बसतो, मग खाली दाबत सावकाश फिरवा. डोकं वर आलेलं असेल तर ड्रेमेलने (हातातलं छोटं कटिंग मशीन) किंवा बारीक कानशीने सरळ खाच पाडून चपटा स्क्रू ड्रायव्हर लावा. खाचेवर रबर बँड ठेवून की दाबायची युक्ती सगळे सांगतात, मला ती कधी फारशी पटली नाही.

खरी डोकेदुखी पिनियनचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा, ग्रब स्क्रू. बऱ्याच गाड्यांत १.५ एमएमची एलन की, स्क्रूला डोकं नाही, पकडीने धरायला जागा नाही आणि वर कोणीतरी लाल, म्हणजे निळ्याहून पक्कं, थ्रेडलॉकर ओतलेलं. ते साधारण २५० डिग्री तापवल्याशिवाय सुटत नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक सरळ स्क्रूच्या खाचेत टेकवून धरा, जरा धूर येईल, वास येईल, मग गरम असतानाच नव्या, कोरी धार असलेल्या कीने फिरवा. मोटरकडे शाफ्टवर ओलं फडकं गुंडाळायला विसरू नका, साध्या निओडिमियम मॅग्नेटची ताकद ८० डिग्रीच्या वर जायला लागते.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे अडकलेला स्क्रू ओढून काढायचं उलट्या आट्यांचं टोक, मात्र तीन एमएमच्या स्क्रूसाठी घेऊच नका असं माझं मत. एवढा बारीक एक्स्ट्रॅक्टर आत तुटतो, आणि तो इतका कडक की साध्या ड्रिलला दाद देत नाही, म्हणजे बसा आता. त्यापेक्षा ३ एमएमचा बिट लावून स्क्रूचं डोकंच उडवा. एलनचं भोक आयतं मधोमध असतं, बिट आपोआप सरळ जातो. स्पीड कमी, एक थेंब तेल, आणि मोटरवर आधी टेप मारा नाहीतर सगळा लोखंडाचा चुरा मॅग्नेटला जाऊन चिकटेल. डोकं निघालं की पार्ट वर उचलून येतो, खाली स्क्रूचं खोड राहतं, त्याच्यावरचा ताण गेलेला असतो त्यामुळे पुष्कळदा पकडीने धरलं की सहज फिरतं.

नवा स्क्रू प्लॅस्टिकमध्ये घालताना आधी उलटा फिरवा, टक करून जुन्या आट्यात बसल्याचं बोटांना कळतं, मगच सुलटा आवळा. आणि बीचवरून आल्यावर गोड्या पाण्याचा फडका, मग ब्लोअर, मग डब्ल्यूडी-४०. जेवण नंतर.