आधी बामणोलीत मुक्काम, मग वासोटा

साताऱ्याजवळच्या, कोयना जलाशयाकाठच्या बामणोलीचा शनिवार-रविवार ठरवताना पहिली निवड करावी लागते ती कास पठाराची फुलं की पाण्यापलीकडच्या जंगलातला वासोटा किल्ला, ही. दोन्ही एका फेरीत बसत नाहीत. फुलांचा भर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि पावसाळा संपेपर्यंत वनखातं वासोट्याची वाट बंद ठेवतं. ती केव्हा उघडणार हे बामणोलीच्या बोटवाल्यांना विचारूनच गाडी काढावी. आम्ही डिसेंबर धरला: जळवा संपलेल्या, ओढ्यांना थोडं पाणी, जलाशय बऱ्यापैकी भरलेला.

दुसरं ठरवायचं ते मुक्कामाचं. पुण्याहून पहाटे निघून त्याच दिवशी वासोटा करायचा बेत कागदावर जमतो. प्रत्यक्षात साताऱ्यात नाश्ता, यवतेश्वर घाट, कासला फोटो असं करत बामणोलीला पोचेपर्यंत अकरा वाजतात. त्यानंतर बोटीचा नंबर, परवानगीचे कागद, आणि वर तास-सव्वातासाचा पाण्यातला प्रवास. गडावर रात्री राहायला बंदी आहे, संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर पडावंच लागतं. उशिरा पोचलेले गट म्हणूनच अर्ध्या वाटेवरून परततात. शनिवारी दुपारपर्यंत गावात पोचून रविवारची पहिली बोट धरणं हाच सरळ मार्ग.

साताऱ्यातून समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वर घाट चढलं की पेट्री, कास पठार, कास तलाव आणि मग बामणोलीचा उतार. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, पण दीड तास धरावा. पेट्रोल साताऱ्यातच भरावं, रोख पैसेही तिथेच काढावेत. पुढे रेंज तुटक, आणि रेंज नसली की मोबाईलवरून पैसे देण्याची सोय कामाची नाही. डिसेंबरात कास म्हणजे उघडा जांभा आणि पिवळं गवत. न थांबता पुढे गेलात तरी काही बुडत नाही.

घरगुती मुक्काम फोनवर ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात: संडास घरात की बाहेर, गरम पाण्याचा बंब आहे का, आणि स्वयंपाक चुलीवर होतो का. जेवण आदल्या दिवशीच सांगावं लागतं. इथे कोपऱ्यावर दुकान नाही. कोंबडी किंवा मासे हवे असतील तर घरच्यांना तजवीज करायला वेळ हवा. आयत्या वेळी पोचून मागितलं तर पिठलं-भाकरी मिळते, तीही वाईट नसते. तंबू पाण्याकाठी मिळतात, पण या दिवसांत पहाटे दव इतकं पडतं की वरचं कापड नीट ताणलेलं नसेल तर पांघरुणं ओली होतात. आम्ही घराची खोलीच घेतली.

दुपारच्या ताटात नाचणीची भाकरी, माशाचं कालवण, खर्डा आणि इंद्रायणीचा भात होता. नाचणीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ गार पाण्यात मळलं तर भाकरी थापतानाच कडेला फाटते. इथे उकड काढतात. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळायचं, त्यात वाटीभर पीठ टाकून गॅस असेल तर बंद, चूल असेल तर पातेलं खाली. पाच मिनिटं झाकण. मग सोसवेल इतकं गरम असतानाच मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते सुकायच्या आधी उलटायचं. पाणी पूर्ण वाळलं की चिरा पडतात आणि भाकरी फुगत नाही. पीठ जुनं असेल तर उकड काढूनही ती तुटते.

जलाशयातल्या माशांत चिलापी स्वस्त आणि जास्त. तिच्या पोटात आतून काळा पापुद्रा असतो. तो खरवडून काढला नाही तर कालवणाला चिखलाचा वास येतो, मग मसाला कितीही घाला. चार जणांना किलोभर मासा पुरतो. मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवायचा, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला तेलात परतून पाणी घालायचं, आणि उकळी आल्यावरच तुकडे सोडायचे. नंतर डाव फिरवायचा नाही, पातेलं हलवायचं. रोहू मिळाला तर चव गोड, पण काटे बारीक. लहान मुलांना चिलापीच बरी.

संध्याकाळी पाण्यावर बोटीने त्रिवेणी संगमाकडे फेरी होते. कोयना, सोळशी आणि कांदाटी तिथे एकत्र येतात. हा शिवसागर जलाशय म्हणजे कोयना धरणाने भरलेलं खोरं, त्याच्या पोटात जुनी गावं गेली आहेत. त्यामुळे काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरत नाही. दोन पावलांवर तळ सुटतो आणि पायाखाली गाळ असतो. पोहता येणाऱ्यांनीही इथे उतरू नये. बोटीत जॅकेट अंगावर घालायचं असतं, बसायला खाली घ्यायचं नसतं.

रविवारी पहिली बोट. बोट माणशी नव्हे, पूर्ण घ्यावी लागते. दर ठरलेले असतात, पण त्यात वनखात्याचं प्रवेशशुल्क धरलंय का हे आधी विचारावं. दोघे-चौघेच असाल तर आदल्या संध्याकाळीच धक्क्यावर दुसरा गट शोधून ठेवावा. प्रत्येकाचं ओळखपत्र आणि नावांची यादी दोन प्रतींत असली की परवानगीचं काम पटकन उरकतं. पलीकडे मेट इंदवलीच्या चौकीवर प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात आणि परतताना तेवढंच परत दाखवावं लागतं. बिस्किटाचे पुडे घरीच सोलून डब्यात भरा. उन्हाळ्यात पाणी खूप मागे हटतं, तेव्हा बोटीपासून जंगलापर्यंत भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. डिसेंबरात ते थोडक्यात होतं.

वाट सुरुवातीलाच गर्द झाडीत शिरते आणि दोन-अडीच तास बाहेर येत नाही. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे. गवा, अस्वल, बिबट्या इथले राहणारे, म्हणून गट तुटू देऊ नये आणि सुगंधी तेलं-अत्तरं टाळावीत. सुरुवातीच्या ओढ्यावर बाटल्या भराव्यात, माणशी दोन-तीन लिटर. वर टाकं आहे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नये. अर्ध्याहून पुढे फाटा लागतो: डावी वाट नागेश्वरच्या गुहेतल्या महादेवाला, उजवी वासोट्याला. एका दिवसात दोन्हीचा हट्ट धरला की बोटीची वेळ चुकते. शेवटचा टप्पा उघडा आणि घसरट, वाळलेल्या पानांवर गुळगुळीत तळव्याचे बूट टिकत नाहीत.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पडकी जोती. गड १८१८ साली इंग्रजांनी तोफांनी घेतला, त्याआधी मराठ्यांच्या ताब्यात इंग्रज अधिकारी इथे कैदेत होते. एवढ्या आडजागी का ठेवलं, ते चढून आल्यावर कळतं. बाबू कडा बघायला घाई करू नये. घोड्याच्या नालेच्या आकाराचा उभा कातळ, खाली कोकण. कठडा नाही. वारा असेल तर काठापासून दहा पावलं मागे बसून जेवावं. आम्ही भाकरी-खर्डा बांधून नेला होता. फरसाणापेक्षा हेच पोटात टिकतं आणि तहानही कमी लावतं.

साडेबाराला उतरायला लागलं की तीनपर्यंत बोट, साडेचारला बामणोली. हिशेब चुकता करून अंधाराआधी कास ओलांडावं, कारण सूर्य बुडाल्यावर पठारावर धुकं उतरतं आणि घाटात समोरचं वळण दिसत नाही.

निघताना घरचा इंद्रायणी मिळत असेल तर पाच किलो जरूर घ्यावा. डिसेंबरात तो नवा असतो आणि पाणी कमी पितो. वाटीला दोनऐवजी पावणेदोन वाट्या पाणी घाला, नाहीतर गिचका होतो.