बर्लिनमध्ये श्ट्रेसमानच्या मागावर: एक अर्ध्या दिवसाची पायवाट

जर्मनीचं 1923 चं चलनसंकट म्हटलं की हातगाडीभर नोटांची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. ते थांबवणाऱ्या सरकारचा चान्सलर गुस्टाफ श्ट्रेसमान मात्र बर्लिनच्या ठरीव सहलींत कुठेच भेटत नाही. म्हणून ही वाट मी ब्रांडेनबुर्ग गेटपासून दक्षिणेकडे चाललो.

गेटजवळून विल्हेल्मश्ट्रासेला वळा. चान्सलरचं कार्यालय क्रमांक 77 ला होतं. आता तिथे पूर्व जर्मनीच्या काळातल्या निवासी इमारती आहेत. जुने क्रमांक दारांवर शोधत बसू नका, फुटपाथवरचे माहितीफलक बघा. 13 ऑगस्ट 1923 ला श्ट्रेसमान इथे आला तेव्हा जर्मनीचं औद्योगिक रूर खोरं फ्रेंच-बेल्जियन सैन्याच्या ताब्यात होतं आणि त्या सैन्याशी असहकार म्हणून तिथे संपावर गेलेल्यांचा पगार सरकार नोटा छापून भागवत होतं. 26 सप्टेंबरला त्याने तो असहकार मागे घेतला. उजव्यांच्या लेखी ही शरणागती होती. पण ती पुढे ढकलली असती, तर कुठलंही नवं चलन महिनाभरही टिकलं नसतं.

पुढे लाइपझिगरश्ट्रासेच्या कोपऱ्यावर आजचं अर्थमंत्रालय लागतं. रेंटनमार्क हे नवं चलन 15 नोव्हेंबरला निघालं. तारण होतं शेतजमीन आणि उद्योगांवरचा बोजा. अर्थात नोट घेऊन गेलं म्हणून कुणाला जमीन मिळणार नव्हती. खरी मेख दुसरीकडे होती: एकूण नोटांवर 240 कोटींची मर्यादा, त्यांतलं सरकारला कर्ज फार तर 120 कोटी, आणि त्याच दिवसापासून राइशबँकेने, म्हणजे मध्यवर्ती बँकेने, सरकारी हुंड्या वटवणं (नोटा छापून सरकारला उसने देणं) बंद केलं. एका रेंटनमार्कला एक लाख कोटी कागदी मार्क, डॉलरला 4.2 लाख कोटी. आखणीचं श्रेय अर्थमंत्री हान्स लुथर आणि चलन आयुक्त ह्यालमार शाख्ट यांचंही आहे. राजकीय किंमत मोजली श्ट्रेसमानने.

नीडरकिर्खनरश्ट्रासेने उजवीकडे गेलात की श्ट्रेसमानश्ट्रासे लागतो. 1930 मध्ये दिलेलं हे नाव नाझींनी 1935 ला काढलं, 1947 ला परत आलं. आनहाल्टर स्टेशनची उरलेली कमान बघून टोकापर्यंत चाला. जिथे हा रस्ता विल्हेल्मश्ट्रासेला मिळतो, तिथे सोशल डेमोक्रॅट पक्षाचं मुख्यालय आहे! सॅक्सनी राज्यातल्या डाव्या सरकारवर फौज, बव्हेरिया राज्यातल्या उजव्यांबाबत मात्र सबुरी, या रागातून याच पक्षाने श्ट्रेसमानचं सरकार सोडलं. 23 नोव्हेंबरला विश्वासठराव 231 विरुद्ध 156 मतांनी पडला आणि सरकार गेलं. नवा मार्क तेव्हा आठ दिवसांचा होता.

आता श्ट्रेसमानची समाधी. जवळच्या हालेशेस टोर स्टेशनपाशीही जुन्या दफनभूमी आहेत, पण ती तिथे नाही, त्यांत शिरू नका. यू 6 या मेट्रोने मेहरिंगडाम, तिथून यू 7 ने झ्यूडश्टेर्न: तीनच थांबे, म्हणजे कमी अंतराचं स्वस्त तिकीट पुरतं. तिकिटावर शिक्का नसेल तर फलाटावरच्या यंत्रात मारून मगच गाडीत बसा. बर्गमानश्ट्रासेलगत चार दफनभूमी एकमेकींना चिकटून आहेत. आपल्याला हवी ती लुइझेनश्टाट परगण्याची, झ्यूडश्टेर्नच्या बाजूची. श्ट्रेसमान बिअर-व्यापाऱ्याचा मुलगा, त्याच परगण्यात वाढलेला. डॉक्टरेटचा प्रबंधही बर्लिनच्या बाटलीबंद बिअरच्या धंद्यावर. समाधी शिल्पकार ह्यूगो लेडररची आहे.

चान्सलरपद गेलं तरी परराष्ट्रखातं मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिलं. 1926 चं शांततेचं नोबेल त्याला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री ब्रियाँ याच्यासोबत मिळालं. 3 ऑक्टोबर 1929 ला तो गेला, वॉल स्ट्रीट कोसळण्याच्या तीन आठवडे आधी. हिवाळ्यात दफनभूमीची फाटकं लवकर बंद होतात, तेव्हा ही वाट सकाळीच धरलेली बरी.