चार सोंगट्यांचा पट

आठवीत मी बुद्धिबळ सोडायचं ठरवलं होतं. आंतरशालेय स्पर्धेत ओळीने चार डाव हरलो, त्यातला शेवटचा तर माझा एक हत्ती जास्त असताना. दुसऱ्या दिवशी डाव लिहून ठेवायची वही सरांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, मला नाही जमणार."

सरांनी समजूत घातली नाही. पट उघडून चारच सोंगट्या मांडल्या. (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८.) पांढरा राजा एच ८ वर, प्यादं सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, प्यादं एच ५ वर. "खेळी पांढऱ्याची. बरोबरी करून दाखव, मग खुशाल सोड."

मला ते अशक्य वाटलं. काळं प्यादं शेवटच्या ओळीत पोचून वजीर व्हायला निघालेलं, त्याला गाठायला माझा राजा दोन खेळ्या कमी. माझं प्यादं काळ्या राजाच्या तोंडाशी. तीन दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. चौथ्या दिवशी सापडलं. राजाने प्याद्यामागे सरळ धावायचं नाही, तिरपं उतरायचं: जी ७, एफ ६, ई ५. पटावर तिरपी वाट सरळ वाटेइतक्याच खेळ्यांची असते, आणि या वाटेवर राजा दोन्ही प्याद्यांच्या जवळ जात राहतो. काळा माझं प्यादं मारायला थांबला, तर त्याचं हाती लागतं. आपलं पुढे दामटत राहिला, तर वजीर दोघांचेही होतात.

ही रचना बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांची, १९२१ सालची. याच रेटींनी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये, आठ वर्षं एकही डाव न हरलेल्या जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, हे सरांनी नंतर सांगितलं. तो आनंद कुठल्याही पदकापेक्षा मोठा होता. अजूनही आहे.

वही परत मिळाली ती एका अटीवर. हरलेल्या प्रत्येक डावाखाली, कुणालाही न विचारता, आपण कुठे चुकलो ते एका ओळीत लिहायचं. आता संगणक चूक क्षणात दाखवतो. तरी मी आधी माझी ओळ लिहितो आणि मगच तो उघडतो. उलट क्रमाने केलं तर चूक कळते, पण ती आपली वाटत नाही.

पुढे मोठेपणी माझं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, कितीतरी वर्षं जागचं हललं नाही. सरावाला बसायचा कंटाळा येऊ लागला. रेटिंग फक्त निकाल मोजतं, आणि आपल्यासोबत समोरचेही सुधारत असतात. त्या दिवसांत मला वहीने धरून ठेवलं. सुरुवातीची पानं "घोडा बघितलाच नाही", "घाईत वजीर दिला" अशा ओळींनी भरलेली. नंतर "किल्लेकोट उशिरा केला", म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला वेळेत नेलं नाही. त्यानंतर "प्याद्यांच्या शर्यतीत एक खेळी कमी मोजली". हरत होतोच, पण त्याच चुकांनी नाही. हे दिसलं की रात्री पंधरा मिनिटं पट मांडायला कुणी सांगावं लागत नाही.

गेल्या महिन्यात हरलेल्या डावाखाली लिहिलंय: "उंट देऊन घोडा घ्यायला नको होता, प्यादी पटाच्या दोन्ही बाजूंना होती." तिथे लांब पल्ल्याचा उंटच जास्त कामाचा. आठवीतल्या मला ही ओळ कळलीही नसती.