पिग्मीच्या मशीनपासून : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा गाळा आहे. आजूबाजूला लेथ, पॅटर्नवाले, पंपांचे सुटे भाग करणारे. त्यांच्या मधोमध आम्ही सोल्डरिंगवाले. सुरुवात इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या दुरुस्तीपासून झाली. पुढे काट्यांचे बोर्डही स्वतःच करायला लागलो. चिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून रात्रीच्या गाडीने यायच्या. काट्याला वीज भिंतीतून मिळते, त्यामुळे बोर्डावरच्या चिपा एकमेकींशी दिवसभर किती बोलतात याची फिकीर तेव्हा कुणालाच नव्हती.

ती फिकीर लागली पिग्मीच्या मशीनमुळे. रोज दारात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करायची पिग्मी ठेव योजना १९२८ साली उडुपीच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, सुरू केली. आमच्याकडच्या पतसंस्थांनी ती इतकी उचलली की भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांच्या दारात संध्याकाळी एजंट उभा असतो. त्याच्या हातात कार्ड आणि पेनऐवजी कीपॅड, छोटा डिस्प्ले, दोन इंची थर्मल प्रिंटर आणि लिथियम बॅटरी असलेलं मशीन द्यायचं, हे आमचं पहिलं मोठं काम. मशीन चाललं. पण बाजारातून निरोप यायला लागले. लक्ष्मीपुरीतला एक एजंट थेट गाळ्यावर आला आणि म्हणाला, "सायेब, चारला मशीन मान टाकतंय बघा. खरी वसुली तर पाचनंतर असती."

संस्थेचं म्हणणं एकच, मोठी बॅटरी घाला. बहुतेकांना आजही वाटतं की बॅटरीवरचा आकडा मोठा असला की काम झालं. मोठी बॅटरी म्हणजे जाड मशीन, जास्त वजन, जास्त किंमत. शिवाय गळती तशीच राहते. प्रिंटर भरपूर खातो हे खरं, पण पावती तर काढायलाच लागते. मग उरलेल्या वेळात मशीन नुसतं खिशात पडून काय खातं, ते मोजायला बसलो.

पहिली गाठ मेमरीत सापडली. पावतीची नोंद ६४ बाईटची, आणि ती ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या मेमरी चिपमध्ये जायची. ही चिप आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांनी एकमेकींशी बोलायच्या दोन तारांवर बसलेली. बाजारात मिळणारा तयार कोड एकेक बाईट लिहितो. प्रत्येक बाईट मुरायला चिपला ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, म्हणजे ६४ बाईटना ३२० मिलिसेकंद. तेवढा वेळ प्रोसेसर जागा राहून बसवर सारखं विचारत असतो, झालं का, झालं का. त्याच चिपला ६४ बाईटचं अख्खं पान एकदम देता येतं. १०० किलोहर्ट्झवर एका बाईटला ९० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पत्त्यासकट अख्खं पान साधारण ६ मिलिसेकंदांत पोचतं. पुढचे ५ मिलिसेकंद टायमर लावून प्रोसेसर झोपू शकतो. एक पैशाचा सुटा भाग न बदलता एवढा फरक पडला.

आय-टू-सीच्या दोन्ही तारांना पुल-अप रेझिस्टर, म्हणजे तार एरवी वरच्या व्होल्टेजला ओढून धरणारे रेझिस्टर लागतात. तार खाली ओढली की त्यांतून करंट वाहतो, ३.३ व्होल्टवर २.२ किलोओहम लावला तर प्रत्येक तारेला दीड मिलिअँप. रेझिस्टर मोठा केला की करंट घटतो, पण तार वर चढायला वेळ घेते आणि बस हळू चालवावी लागते. म्हणजे बोलणं लांबतं आणि प्रोसेसर जास्त वेळ जागा राहतो. पुस्तकी उत्तर इथे नाही, बोर्ड समोर ठेवून मोजावंच लागतं. आम्ही छोटा रेझिस्टर, ४०० किलोहर्ट्झ आणि पटकन बोलून गप्प बसणं, हे धरलं. बॅटरीची पातळी सेकंदाला अनेकदा विचारली जात होती, ती पावतीनंतर एकदाच विचारायला लागलो. किती बॅटरी उरली ते सेकंदासेकंदाला कळून एजंट करणार काय?

जीपीआरएस मॉडेमचा, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून डेटा पाठवणाऱ्या भागाचा किस्सा मी नव्या पोरांना अजून सांगतो. मॉडेमचा सप्लाय ट्रान्झिस्टरने पूर्ण तोडला, तरी त्यावरचा एलईडी अंधारात मिणमिणताना दिसायचा. मीटर लावला तर बंद मॉडेमच्या सप्लाय पिनवर दीड व्होल्टच्या वर! प्रोसेसर आणि मॉडेममधली सीरियल लाइन रिकामी असताना 'हाय' असते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं. प्रोसेसरचा तो पिन मॉडेमच्या आतल्या संरक्षक डायोडमधून त्याला चोरवाटेने वीज पाजत होता. सप्लाय तोडायच्या आधी सगळे सिग्नल पिन खाली आणायचे, हा नियम तेव्हापासून आमच्या प्रत्येक डिझाइनच्या तपासणीत आहे. दुसऱ्यांची मशीनं दुरुस्तीला येतात, त्यांतही ही चोरवाट वरचेवर सापडते.

मग भारनियमनाचे दिवस आले. शाखांमध्ये लॅपटॉप आले होते आणि एजंटाचं मशीन यूएसबीने त्याला जोडलेलं असायचं. एका शाखेतून तक्रार आली की तुमचं मशीन लावलं की लॅपटॉपची बॅटरी लवकर बसते. चार्जिंगला आमचा वेगळा अडॅप्टर होता, त्यामुळे तक्रार खोटीच वाटावी अशी. पण त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमधला यूएसबी कंट्रोलर दर मिलिसेकंदाला मुख्य मेमरीतून कामांची यादी वाचायचा आणि मशीनला विचारायचा. झोपलेल्या पाहुण्याला घटकेघटकेला उठवून 'चहा घेणार का' विचारावं, तसला प्रकार. मेमरीकडे जाणाऱ्या या वर्दळीमुळे लॅपटॉपचा प्रोसेसर सी-थ्री नावाच्या गाढ झोपेत जाऊच शकत नव्हता. मशीन स्वतः काही खात नव्हतं, नुसतं जोडलेलं असणंच महाग पडत होतं.

यूएसबीच्या नियमाप्रमाणे बस ३ मिलिसेकंद शांत राहिली की यंत्राने झोपी जायचं असतं. पण शाखेतलं सॉफ्टवेअर पोर्ट दिवसभर उघडं ठेवायचं, त्यामुळे ती शांतता कधी यायचीच नाही, आणि ते सॉफ्टवेअर बदलणं आमच्या हातात नव्हतं. उपाय आमच्या बाजूने काढला. फुल-स्पीड यंत्र यूएसबीच्या डी-प्लस नावाच्या डेटा तारेवरच्या दीड किलोओहमच्या पुल-अपने 'मी आलोय' असं कळवतं. तो पुल-अप ट्रान्झिस्टरमागे टाकला. एजंटाने 'ट्रान्सफर' दाबलं की यंत्र लॅपटॉपला दिसतं, डेटा गेला की वायर तशीच राहून यंत्र दिसेनासं होतं. खर्च किरकोळ. आमच्या मते आजवरचं ते सगळ्यात देखणं काम, जरी बाहेरून काहीच दिसत नसलं तरी.

पुढे अँड्रॉइड फोन आले आणि पिग्मीचं मशीन मागे पडलं. एजंटाकडे आता अ‍ॅप आणि कमरेला ब्लूटूथ प्रिंटर असतो. आम्ही प्रिंटरकडे वळलो, मग थरथर मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदी साठवणाऱ्या छोट्या लॉगरकडे. तिथेही हिशोब तोच. सेन्सरच्या पोटात फिफो, म्हणजे नोंदी आल्या त्या क्रमाने साठवणारी छोटी जागा असते. ३२ नोंदी साठल्यावर सेन्सरनेच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला उठवणारी हाक द्यायची आणि प्रोसेसरने एका दमात सगळ्या उचलायच्या. प्रत्येक नोंदीला उठायचं नाही. आय-टू-सीच्या पुढच्या पिढीच्या आय-थ्री-सीमध्ये तर इंटरप्टसाठी वेगळी तारही लागत नाही, बसवरूनच हाक मारता येते. एक बोर्ड त्यावर करून पाहतोय, पण आम्हाला परवडेल अशा दरात आणि आमच्या छोट्या ऑर्डरला चिपा मिळणं अजून अवघड आहे.

जुनी पिग्मी मशीनं अजूनही अधूनमधून दुरुस्तीला येतात. घेतो. प्रिंटरचे हेड आणि बॅटऱ्या आहेत. कीपॅडचं रबर मात्र संपलंय, त्यामुळे तेवढ्यासाठी मशीन पाठवू नये.