आईचं हिमोग्लोबिन ७.४ आणि एकही न चुकलेला लाइट

आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. गावाकडची माणसं रेडिएशनला ‘लाइट’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे २५ लाइट, दर आठवड्याला एक केमो आणि त्यानंतर आतून द्यायचं रेडिएशन. जन आरोग्य योजनेत उपचार बसले, तेवढं बरं झालं. नववा लाइट झाला त्या दिवशी रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ७.४.

कित्येक महिने तिच्या अंगावरून रक्त जात होतं आणि ती कुणाला बोलली नव्हती. त्यात आता केमो. मला वाटलं, लाइट काही दिवस थांबवतील. डॉक्टर म्हणाल्या, “लाइट चुकवायचा नाही. रक्त चढवू.” मी विचारलं, गोळ्यांनी वाढणार नाही का? “लोहाच्या गोळ्यांना कित्येक आठवडे लागतात, आणि आपल्याला सगळे उपचार आठ आठवड्यांत संपवायचे आहेत.” मग त्यांनी समजावलं, की किरणांना पेशी मारायला ऑक्सिजनची मदत लागते आणि तो गाठीपर्यंत रक्तातल्या लाल पेशीच नेतात. रक्त म्हणजे कॅन्सरवरचं औषध नव्हे, हेही त्या स्पष्ट बोलल्या. हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवायचं, एक पिशवी साधारण एक ग्रॅम वाढवते.

हिशेब सोपा होता, पिशव्या मिळवणं नव्हतं. मे महिना, कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत. रक्तपेढीने दाते आणता आले तर बघा म्हणून सांगितलं. दादाचं हिमोग्लोबिन १२.१ निघालं, दात्याला १२.५ लागतं, त्याला परत पाठवलं. तो बाहेर बाकावर बसून रडला. शेवटी मामेभावाने रक्त दिलं. त्यात क्रॉस मॅचसाठी, म्हणजे पिशवीतलं रक्त आईला जुळतं का ते बघायला, पाठवलेली आईची जांभळ्या झाकणाची ट्यूब परत आली, लेबलवर नोंदणी क्रमांक नव्हता. पुन्हा सुई, पुन्हा तासभर. मी खिडकीवर भांडले. आतल्या ताई शांतपणे म्हणाल्या, “दुसऱ्याचं रक्त तुमच्या आईला गेलं तर?” त्यावर मला बोलता आलं नाही. त्यांनी ती ट्यूब घेतली नाही याचे मी आजही आभार मानते.

लाइट सकाळी, रक्त संध्याकाळी. दोन सिस्टरनी पिशवीवरचा नंबर आणि आईचं नाव मोठ्याने वाचून ताडून पाहिलं. पहिली १५ मिनिटं एक सिस्टर खाटेपाशीच उभी होती. ती पुढच्या रुग्णाकडे गेली आणि अर्ध्या तासाने आई म्हणाली, “अगं, मला हुडहुडी भरतेय.” दात वाजत होते. मी ओरडले. सिस्टरने धावत येऊन रक्त बंद केलं, सलाईन चालू ठेवलं. पिशवी आणि आईच्या रक्ताचा नवा नमुना रक्तपेढीत गेला. गट बरोबर होता, ताप रक्ताच्या प्रतिक्रियेने आला होता. रात्रभर मी तिच्या तळपायांवर हात ठेवून बसले. तुमच्या माणसाला रक्त लावलं असेल तर जागेवरून हलू नका. थंडी, खाज, कंबरदुखी, दम, काहीही वाटलं तर लगेच सांगायला लावा. आई तर सांगणारच नव्हती, मी हात धरला होता म्हणून थरथर कळली.

सकाळी ताप उतरला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि दहावा लाइट दिला.

पुढच्या आठवड्याभरात तीन पिशव्या नीट चढल्या. दर पिशवी चार तासांच्या आत संपवायची, म्हणून मी घड्याळाकडे बघत बसायचे. तिसरीनंतर हिमोग्लोबिन १०.३. आईने त्या दिवशी जिना कुठे न टेकता चढला आणि वर जाऊन मलाच विचारलं, “तू जेवलीस का?”

आतल्या रेडिएशनची शेवटची बैठक झाली तेव्हा मी डायरीत दिवस मोजले. पहिल्या लाइटपासून ५२.