कौतुक संपल्यावर

दारू सोडली त्या पहिल्या वर्षी सगळे कौतुक करायचे. बायकोने शेजारीपाजारी पेढे वाटले, मेहुण्याने पाठ थोपटली, मालकांनी गॅरेजच्या किल्ल्या पुन्हा माझ्याकडे दिल्या. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. घरच्यांना शुद्धीवरचा माणूस हवा होता, तो मिळाला. पण खरा कस लागतो तो यापुढेच. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी निघालेल्या पोरांना हे कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं.

सुरुवातीची तलफ ओळखू येते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. पुढची तलफ गोड बोलते: आता बरा झालास की, लग्नात एखादी बिअर घेतलीस तर काय बिघडतंय? उपाशी, चिडलेला, एकटा किंवा दमलेला असलो की ती हमखास येते. म्हणून कितीही काम असो, मी डबा वेळेवर खातो.

नुसत्या इच्छाशक्तीवर माझा भरवसा नाही. एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेची सुरुवातच बघा ना. मे १९३५. बिल विल्सन धंद्याच्या कामाने अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला गेला होता. काम फिसकटलं. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, हॉटेलात एकटा, समोर बार. त्याने फोन फिरवले ते आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधायला. त्यातून डॉ. बॉब भेटले, तेही दारूत अडकलेले; पुढे या दोघांनीच एए सुरू केली. बिलला त्या वेळी आधी स्वतःला वाचवायचं होतं.

मीही त्याचसाठी मीटिंगला लवकर जातो. शाळेची खोली उघडतो, बाकं लावतो, चहा टाकतो. मागे एक तरुण आला, त्याला कप धरवेना. मी अर्धाच भरून दिला. शेअरिंगमध्ये, म्हणजे आपापलं सांगायच्या वेळी, तो गप्पच होता. निघताना म्हणाला, "काका, तुम्हाला अजून इच्छा होते?"

"होते की."

त्याचा जीव भांड्यात पडला. हे आपल्या एकट्याचंच आहे असं त्याला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं, कारण इतकी थरथर असताना एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात बिअर एकदाही आली नाही.

येत्या गटारीला आम्ही मीटिंग संध्याकाळी सहालाच ठेवली आहे. तो येतो म्हणालाय. त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच वाइन शॉप आहे, म्हणून त्याला आणायला मीच स्कूटर घेऊन जाणार आहे.